कपाळ, डोळा, मनगट

“मोमीन, आता तुम्ही,” बिरनाळे सरांनी हाक दिली, आणि दस्तगीरभाईंनी उठता उठता माझ्याकडं बघितलं.

बघणं एवढंसंच होतं, पापणी लवेपर्यंतचं. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसेल. माझ्या आलं, कारण अकरा वर्षं मी त्या बघण्याला उत्तर देत आले होते.

मी समोरच्या बाकावर भिंतीला टेकून बसले होते. माझी परीक्षा होऊन गेली होती. हात मी मांडीवर ठेवले होते. उघडे, त्यांना दिसतील असे.

क्लास भरायचा इचलकरंजीत, एका बंद पडलेल्या सायझिंगच्या माडीवर. खालच्या मजल्यावर कधीकाळी सुताला खळ लावायचे. ते काम थांबून दोन वर्षं झाली तरी भिंतींचा आंबूस वास जात नव्हता. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या बिरनाळे सरांनी तिथं वायरमनचा सहा महिन्यांचा खाजगी कोर्स काढला होता. आम्ही तेराजण होतो, बारा बाप्ये आणि मी. कुणी मागावरचा, कुणी वहिफणीत ताण्याचे धागे ओवणारा. सगळ्यांचे माग भंगारवाल्याच्या ट्रकात चढताना सगळ्यांनी बघितले होते. एक शिवगोंडा तेवढा मागाचा नव्हता. त्याचा लग्नाचं शूटिंग करायचा धंदा मोबाइलनं खाल्ला होता, आणि तो क्षणभरही गप्प बसायचा नाही.

“जॉबर निघाले,” तो आत्ताही म्हणाला. “मोटरीनं आपणहून फिरायला सुरुवात केली बघा भीतीनं.”

दोघं-चौघं हसले. भाई हसले नाहीत.

खोलीच्या मधोमध सरांनी भंगारातून आणलेला मागाचा लोखंडी सांगाडा उभा केला होता. त्याला एक मोटर बसवलेली. भिंतीतल्या भोकातून तीन वायरा बाहेर आलेल्या. लाल करंटची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. लाल आणि काळी मोटरीला द्यायची, हिरवी सांगाड्याला. वेळ दहा मिनिटं. काम झालं की सर भिंतीवरच्या मेन स्विचपाशी जाऊन उभे राहायचे आणि एकच शब्द विचारायचे, “टाकू?” जोडणाऱ्यानं सांगाड्याला टेस्टर टेकवून म्हणायचं, “टाका.” मोटर फिरली आणि टेस्टर मुका राहिला की पास. टेस्टर पेटला की नापास.

“माझ्या तोंडाकडं बघून ‘टाका’ म्हणायचं नाही,” सर पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. “वायरीकडं बघून म्हणायचं. माझा हात स्विचवर आहे, तुमचा जीव वायरीवर आहे.”

लाल वायर चुकून सांगाड्याला लागली तर काय होतं, ते आम्हाला पाठ होतं. अख्खं लोखंड जागं होतं. जो टेकेल त्याला धरून ठेवतं.

भाई सांगाड्यापाशी पोचले. पक्कड उचलली नाही, टेस्टर उचलला नाही. पहिल्यांदा उजव्या हाताचा तळवा लोखंडावर ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.



ही त्यांची जॉबरकीची, म्हणजे माग दुरुस्त करायच्या कामातली सवय. शंभर माग एकदम धडधडत असताना कानाचा काही उपयोग नसतो. मागाची नाडी तळव्यानंच बघायची. कुठल्या चाकाचा दात मोडलाय, धोटा कुठं अडखळतोय, भाई लोखंडावर हात ठेवून सांगायचे. मालकसुद्धा त्यांच्या तळव्यापुढं बोलायचा नाही. क्लासमध्ये मी त्यांना दहादा म्हटलं असेल, “भाई, आधी टेस्टर, मग हात.” ते मान डोलवायचे. आणि हात आधीच जायचा.

आता खुणेचं सांगायला हवं.

मागाच्या खात्यात मी कांडीवाली होते. धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी म्हणजे कांडी. त्या भरायच्या, रंगवार पेटीत लावायच्या आणि मागांवर पोचवायच्या. साड्यांचे माग होते, रंग सतरा तऱ्हेचे. आवाज असा की कानाशी ओरडलं तरी पोचणार नाही. म्हणून आम्हा बायकांनी खुणा बसवल्या होत्या. कपाळाला बोट म्हणजे लाल. डोळ्याला बोट म्हणजे काळं. मनगटाला हात म्हणजे हिरवं. गळ्याला हात म्हणजे पिवळं. माझी आई जात्यावर गायची त्या चालीवर मी ते जुळवूनही टाकलं होतं, आणि कांड्या भरताना आम्ही म्हणत असू,

लाल सूत कपाळाचं, हिरवं सूत काकणाचं
काळं सूत काजळाचं, पिवळं सूत हळदीचं

कपाळ मोकळं होऊन मला सात वर्षं झाली होती. खुणेला ते मोकळंही चालत होतं.

मागावर पेटी घेऊन गेले की दस्तगीरभाई भुवई उडवायचे. “कुठलं?” मी बोट कपाळाला न्यायची, मग ते कांडी उचलायचे. बाकीचे जॉबर पेटीत बघून उचलायचे, हे मात्र दरवेळी विचारायचे. मला वाटायचं, किती जपून काम करतो हा माणूस.

माझा नवरा काविळीनं गेला, तेव्हा मालक माझ्या जागी दुसरी बाई बघायला लागला होता. भाई म्हणाले, “तिची पेटी हाय तिथंच ऱ्हाईल.” आणि तेरा दिवस हा पंचेचाळिशीचा जॉबर बायकांच्या ओळीत बसून कांड्या भरत होता. बाप्ये टिंगल करत होते. “भाई, बांगड्या आणू का?” भाई खाली मान घालून चाक फिरवत होते. मी परत गेले तेव्हा माझी पेटी काठोकाठ भरलेली होती. सगळ्या कांड्या पांढऱ्या. रंगीत एकही नव्हती. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

माग विकले गेल्यावर मी घरी बसून होते. भाई दारात येऊन उभे राहिले. “चल. वायरमनच्या क्लासात तुझं नाव घालून आलोय.”

“मी? बाईमाणूस?”

“कांडी वळणाऱ्या हाताला वायर जड हाय व्हय?”

क्लासमध्ये ते माझ्यासमोरचं टेबल धरायचे. वायर हातात घेतली की खाकरायचे आणि वर बघायचे. माझं बोट आपोआप उठायचं, कपाळाला, डोळ्याला, मनगटाला. अकरा वर्षांची सवय. श्वास घ्यावा तसं ते चालायचं. आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो.

पाचव्या महिन्यात मी तापानं दोन दिवस गेले नाही. त्या दोन दिवसांत भाईंनी तीन फ्यूज उडवले. सर म्हणाले, “मागवाल्याचा हात दांडगा, सवय व्हायला वेळ लागतो.” मी परत गेले त्या दिवशी भाईंचं सगळं बरोबर आलं. शिवगोंडा म्हणाला, “मालनबाई आल्या, जॉबरांची साडेसाती गेली.” सगळे हसले. मी हसता हसता थांबले.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या बोर्डावर भाई खाकरले. त्या बोर्डात करंट नसायचा. त्यांच्या बोटांत लाल वायर होती. मी जाणूनबुजून मनगटाला हात लावला. हिरवं.

त्यांनी ती लाल वायर उचलली आणि अर्थिंगच्या जागी घट्ट पिळून टाकली. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

मी धावत जाऊन ती सोडवली. ते पुढच्या वायरीकडं वळले. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक ओवी अर्धीच फिरत राहिली, पुढं सरकेना,

हात माझा खरा बाई, हात माझा खोटा…

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी त्यांना चहाच्या गाड्याशी गाठलं. ऊन चटचटत होतं. गाडेवाल्यानं कप पुढं ठेवले. भाईंनी माझा कप माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, “बोल. सकाळपासून ओठात धरून बसलीयस.”

“कधीपासून दिसत न्हाई तुम्हाला?”

त्यांनी चहा फुंकला. बराच वेळ फुंकला.

“दिसतं की. समदं दिसतं. तुझ्या नाकावरचा घाम दिसतोय.”

“रंग, भाई.”

“जन्मापास्नं,” ते म्हणाले. “लाल म्हंजे काळपट मातीसारखं. हिरवं म्हंजे वाळल्या मातीसारखं. शाळेत मास्तरांनी आंब्याचं पान रंगवायला सांगितलं तवा कळलं. मार खाल्ला आणि गप बसलो. सुताचं बरं असतंय. रंगवलेलं सूत बोटाला बोलतं. काळं खरखरतं, पिवळं मऊ लागतं. त्यात तू होतीस.”

“वायरचं प्लास्टिक बोटाला बोलत न्हाई.”

“न्हाई बोलत.” त्यांनी कबूल केलं. “म्हणूनच म्हणतो, उद्याचा एक दिवस. तेवढा हात चालव.”

गारमेंटचा नवा कारखाना टेक्स्टाइल पार्कात उभा राहत होता. तिथल्या मॅनेजरनं सरांना सांगून ठेवलं होतं, तुमच्या बॅचमधला एक माणूस आम्ही कायमचा घेऊ. एकच. सर आम्हाला उघड म्हणाले होते, “मोमीन, नाहीतर खवरेबाई. उद्या ज्याचं काम चोख, त्याची जागा.” खवरे मी.

“आणि जागा मिळाल्यावर?” मी विचारलं. “तिथं मी नसणार. तिथं दोनशे शिलाई मशिनं असणार, प्रत्येकाला लोखंडी स्टँड, प्रत्येकावर कुणाची तरी लेक बसलेली.”

“मी बघून घीन.”

“कसं बघणार?”

ते पहिल्यांदाच चिडले. “बावन्न वर्षं बघितलंच न्हवं? कुणाचा जीव गेला? शंभर माग हाताखालनं गेलं माझ्या. आता लोकांनी मला पोतं उचलायला लावायचं? रुकय्याच्या सासरी काय सांगू, अब्बा हमाली करतात?” मग आवाज उतरला. “तुला कदी काय मागितलं न्हाई मी, मालन.”

ते खरं होतं. आणि मी त्यांची किती देणेकरी होते, ते मला ठाऊक होतं. ते मात्र कधी त्याबद्दल बोलले नव्हते. मी चहा संपवला. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पदराला हात पुसले आणि निघाले. त्यांनी ते हो धरलं असणार.

तर आता ते सांगाड्यापाशी उभे होते.

तळवा काढला. पक्कड घेतली. तिन्ही वायरांची टोकं सोलली. सोलणं इतकं सुबक की तांब्याच्या एका तारेला ओरखडा नाही. सरांनी मान हलवली, शाबास म्हणण्याची त्यांची तेवढीच रीत. मग भाईंनी पहिली वायर चिमटीत धरली आणि खाकरले.

ती हिरवी होती.

माझा उजवा हात मांडीवरून उठला. खरंच सांगते, मी उठवला नव्हता. अर्ध्या वाटेवर मी त्याला पाहिलं, जसं आपलं मूल रस्त्यावर धावताना आपण पाहतो. मनगटापासून चार बोटं अंतर राहिलं होतं. आणि मला दोनशे मशिनं दिसली. त्यांच्यातलं एक, तिसऱ्या रांगेतलं, त्याच्यावर बसलेली मुलगी दिसली. तिचा चेहरा मला नव्हता दिसत, पाय दिसत होते, लोखंडी पायपट्टीवर टेकलेले, अनवाणी.

मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि एकमेकांत गुंतवून घट्ट धरले.

भाई वाट बघत होते. ते पुन्हा खाकरले.

“घसा बसला का जॉबर?” शिवगोंडा म्हणाला. “पाणी देऊ?”

“सात मिनिटं राहिली,” सर घड्याळात बघून म्हणाले.

भाईंची नजर माझ्या पदरावर आली. तिथं थांबली. मग वर आली, माझ्या डोळ्यांत. राग नव्हता त्यात. आपल्या दाराला बाहेरून कडी घातलेली बघून माणूस जसा थबकतो, तसं काहीसं होतं. मी नजर काढली नाही. तेवढं तरी मी केलं.

मग त्यांनी खाली बघितलं आणि जोडायला सुरुवात केली. सरसर. अडखळले नाहीत. हाताला शंका माहीतच नव्हती. हिरवी मोटरीला गेली. काळी मोटरीला गेली. लाल, माझ्या आईच्या कपाळासारखी लालभडक, त्यांनी सांगाड्याच्या नटाखाली घातली आणि पान्यानं आवळली. एकदा. दोनदा.

बाकावर कुणीतरी श्वास आत ओढला. 

सर टॉर्च घेऊन वाकले. एकेक टोक बघितलं. लाल नटापाशी टॉर्च किती वेळ थांबला, मला सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, परीक्षेत कधीच उमटायचं नाही. टॉर्च विझवून ते मेन स्विचपाशी गेले. दांडीवर हात ठेवला.

मला वाटलं, आता सांगतील. आता म्हणतील, मोमीन, पुन्हा बघा.

“टाकू?” सर म्हणाले.

टेस्टर टेबलावर होता. दस्तगीरभाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. तळवा सांगाड्याकडं निघाला होता, बैलाच्या पाठीकडं निघावा तसा, आणि ओठ ‘टा’ म्हणायला विलग झाले होते.

“सर, नका टाकू.”

आवाज माझा होता. मी उभी होते. पदराखालचे हात सुटले होते.

भाईंचा तळवा लोखंडापासून वीतभर अंतरावर थांबला.

“का?” सरांनी विचारलं. हात दांडीवरून काढला नाही.

“लाल बॉडीला लागलीय.”

“ते मोमीन सांगतील. तुमची परीक्षा झाली, खवरेबाई.”

“ते न्हाई सांगू शकणार,” मी म्हणाले. “त्यांना लाल-हिरवं कळत न्हाई. जन्मापास्नं. एवढे दिवस मी खूण करत होते.”

 खालच्या रस्त्यावरून भंगारवाला हाळी देत गेला. सर दांडीपासून दूर झाले. उरलेल्या वायरींच्या गुंडाळीतून तीन तुकडे कापून त्यांनी भाईंच्या पुढं तळहातावर धरले, प्रसाद द्यावा तसे.

“यातली लाल कुठली, मोमीन?”

भाईंनी तुकड्यांकडं बघितलं. मग सवयीनं माझ्याकडं बघितलं. मी रडत होते, माझा हात डोळ्याला लागला होता.

डोळ्याची ती खूण मानून त्यांनी काळा तुकडा उचलला.

 मला डोळा पुसायची बुद्धी त्याच क्षणी का व्हावी.

शिवगोंडा हसला नाही. त्यानं मान खाली घातली. पुढं मी त्या पोराच्या शंभर चेष्टा त्या एका मान खाली घालण्यावर माफ केल्या.

दस्तगीरभाईंनी तो तुकडा परत सरांच्या तळहातावर ठेवला, जपून. खिशातून रुमाल काढून हात पुसले. दारापर्यंत गेले आणि तिथं थांबून म्हणाले, माझ्याकडं न बघता, अगदी हळू,

“जागा एकच हाय, म्हाईत हाय मला. तू नुसतं म्हणाली असतीस, तर मी सोडली असती, मालन.”

जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली. खाली पोचेपर्यंत मी मोजली. एकवीस.

सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवलं. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. चिनी मातीचा पांढरा फ्यूज, मेन स्विचमधला.

“टॉर्च विझवून स्विचपाशी आलो तेव्हाच काढून घेतला होता,” ते म्हणाले. “मी दांडी टाकली असती तरी काही झालं नसतं.”

मी त्या फ्यूजकडं बघत राहिले. म्हणजे मी गप्प बसले असते, तर ते नुसते नापास झाले असते. चारचौघांसारखे. बारा माणसांसमोर त्यांना काळा तुकडा उचलावा लागला नसता.

“मग मी बोलले ते—”

“तुम्हाला फ्यूज दिसला होता का?”

“न्हाई.”

“मग झालं तर,” सर म्हणाले, आणि खिडक्या लावायला उठले.

जागा मला मिळाली.

पहिल्याच महिन्यात मी भाईंच्या घरी गेले. माहेरी आलेली त्यांची लेक रुकय्या दारात आली, म्हणाली, अब्बा झोपलेत. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता, जागत्या माणसाचा. दोनदा गेले, मग गेले नाही.

नंतर कळलं, बिरनाळे सरांनीच त्यांना पेठेत एका मोटर वायंडिंगच्या दुकानात नेऊन बसवलं. जळालेल्या मोटरीतली तार काढायची आणि नवी तार गुंडाळून भरायची. सगळी तांब्याची, एकाच रंगाची. चाक फिरवायचं, वेढे मोजायचे. कांड्या भरायचंच काम, म्हटलं तर. वर्षभरात दुकान त्यांनी चालवायला घेतलं. सासरी बिनसलं म्हणून रुकय्या परत आली होती, तीही तिथं बसायला लागली.

आमच्या कारखान्याच्या जळक्या मोटरी मी त्यांच्याकडं पाठवायची. भरून यायच्या त्या रुकय्याच्या हाती. काम असं की मोटर फिरताना आवाज नाही, नुसता श्वास. वायरींची टोकं मात्र सगळी एकाच काळ्या वायरीची असायची, आणि त्यांना गाठी मारलेल्या. पहिलीला एक, दुसरीला दोन, अर्थिंगच्या वायरीला तीन. आमच्या मागावरची गाठ, घट्ट आणि बारीक. रंगाच्या वाटेला ते जातच नव्हते. मी गाठी चाचपून मोटर जोडायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही. अशी नऊ वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक मोटर आली. रुकय्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली. मी टोकं चाचपली. एक गाठ. दोन गाठी. तिसऱ्या टोकाला बोट गेलं आणि तिथं काहीतरी मऊ लागलं.

सुताचा दोरा होता. तीन गाठींच्या वर गुंडाळलेला, सात-आठ वेढे, एकाला एक चिकटून. हिरवा. आंब्याच्या पानासारखा.

“हा कुणी बांधला?” मी विचारलं.

“अब्बांनी.”

“त्यांना कसा कळला?”

रुकय्या हसली. “आता विचारतात की. दुकानात येईल त्याला डबा पुढं करतात, ‘यातला हिरवा कुठला, दाव बाबा.’ परवा तर पोस्टमनला विचारलं. तिघांनी एकच दोरा दाखवला, तेव्हा कुठं बांधला.”

मी दोऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. खाली शेडमध्ये दोनशे मशिनं चालली होती. तिसऱ्या रांगेतल्या पोरीनं चप्पल काढून पाय पायपट्टीवर ठेवले होते, रोजच्यासारखे.

“काय सांगू अब्बांना?” रुकय्यानं विचारलं.

शेडचा आवाज जुन्या खात्यासारखाच होता. मी उजवा हात उचलला आणि डाव्या मनगटाला लावला.

“एवढं दाखव त्यांना,” मी म्हणाले.